फोटोतील लाल डोळे आणि पांढरा डोळा

बारशाचे किंवा वाढदिवसाचे फोटो पाहताना बाळाचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसले, की घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणते डोळे येणार, कुणी दृष्ट काढायला सांगते. वास्तविक हा आजार नव्हे.

डोळ्याची बाहुली म्हणजे एक छिद्र आहे. अंधारात ते मोठे होते, उजेडात बारीक. आत डोळ्याच्या तळाशी पडदा असतो व त्यामागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. मंद उजेडात फ्लॅश इतक्या झटकन उडतो, की बाहुलीला आकसायला वेळच मिळत नाही. प्रकाश आत शिरतो, रक्ताची लाली घेऊन माघारी फिरतो आणि फ्लॅश भिंगाला लागूनच असल्यामुळे सरळ कॅमेऱ्यात येतो. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, म्हणून आजोबांपेक्षा नातवाचे डोळे अधिक लाल दिसतात.

उपाय सोपे आहेत. खोलीतील सगळे दिवे लावावेत किंवा बाळाला खिडकीच्या उजेडात घ्यावे. मग फ्लॅशची गरजच उरत नाही. बाळाने कॅमेऱ्याकडे रोखून न पाहता जरा बाजूला पाहिले तरी चालते. फोटोग्राफर मंडळी फ्लॅश छताकडे वळवतात तेही याचसाठी. काही कॅमेऱ्यांत आधी एक-दोन छोटे फ्लॅश उडून बाहुली आकसते व मग खरा फोटो निघतो. (पहिल्या उजेडालाच फोटो झाला समजून लोक उठतात, ही गोष्ट निराळी!)

एवढे करूनही लाली आली, तर संगणकावर किंवा मोबाईलवर ती पुसता येते. लाल भागात काळा रंग भरला जातो, इतकेच. लग्नाच्या अल्बमसाठी ही सोय उत्तम. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मूळ फोटो पुसून टाकू नयेत, कारण तो डोळ्याच्या तपासणीचा एक पुरावा असतो. दोन्ही डोळे सारखेच लाल असणे हे बहुधा चांगले लक्षण आहे. प्रकाश पडद्यापर्यंत जाऊन परत आला, असा त्याचा अर्थ.

चिंता करायची ती एक डोळा लाल व दुसरा पांढुरका किंवा पिवळसर चमकत असेल तेव्हा. बाळ तिरपे पाहत असेल, तर डोळ्याची नस जेथे पडद्याला मिळते त्या जागेवरून प्रकाश परततो आणि निरोगी डोळाही पांढरा दिसू शकतो. म्हणून एका फोटोवरून घाबरून जाऊ नये, पण तपासणीही टाळू नये. जन्मजात मोतीबिंदू, पडदा सरकणे यांमुळे असे दिसते. तिरळेपणात दोन डोळ्यांची चमक कमी-अधिक असते. आणि क्वचित कारण असते पडद्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला तो होतो, बहुतेकांना वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत. लवकर कळला तर जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, कधी प्राणावरही बेतते. बाळ रडत नाही, डोळा दुखत नाही, म्हणून तर उशीर होतो.

अमेरिकेत टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला. त्यांनी घरचे जुने फोटो चाळले, तेव्हा बाळ अवघे १२ दिवसांचे असतानाच्या फोटोतही पांढरी चमक सापडली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

असे फोटो दिसल्यास आठवड्याच्या आत नेत्रतज्ज्ञांकडे जावे व फोटो सोबत न्यावेत. चष्म्याच्या दुकानातील नंबर-तपासणी येथे उपयोगाची नाही. थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो. घरात एका मुलाला हा कर्करोग झालेला असेल, तर आजार आनुवंशिक असू शकतो. तेव्हा पाठच्या भावंडांचे डोळे फोटोची वाट न पाहता जन्मल्याबरोबर तपासून घ्यावेत.