सहलीला निघताय? आधी शेगडी आणि गंज ठरवा

थंडी पडली की लाखनीतली कुटुंबं साकोलीमार्गे नागझिरा, नवेगावबांधकडे निघतात. एक-दोन रात्री मुक्काम असतो. बाहेरचं गोश्त हलाल आहे की नाही याची खात्री नसते, म्हणून आपल्याकडे बहुतेक जण स्वयंपाकाचं सामान सोबत नेतात. हे चांगलंच आहे. पण काय न्यायचं, हे घरूनच ठरवलं पाहिजे.

सगळ्यात आधी जागा पाहू. तीन दगड मांडून चूल पेटवायची आपली जुनी सवय आहे. पण अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बंदी आहे. ही बंदी उगाच नाही. एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना वनमजुरांचे जीव गेले. तेव्हा जंगलात स्वयंपाक नकोच. मुक्कामाच्या ठिकाणी मालकाला किंवा वनरक्षकाला विचारा, ते दाखवतील तिथेच शेगडी लावा.

आता इंधन. घरचं 14.2 किलोचं सिलिंडर गाडीत टाकू नका, ते घरगुती वापरासाठीच असतं. 5 किलोचं छोटं सिलिंडर अधिकृत एजन्सीतून घ्या. हिशोब सोपा आहे: दहा लिटर पाणी उकळायला साधारण 130 ते 150 ग्रॅम गॅस लागतो, वारा असेल तर जास्त. पंधरा माणसांच्या दोन दिवसांच्या जेवण-चहाला 5 किलो सहसा पुरून उरतो.

सिलिंडरच्या डोक्यावरच बर्नर बसतो, त्यावर चहाचं पातेलं ठीक आहे. पण मोठा गंज ठेवला की डोलारा कलंडतो, आणि रुंद बुडाखाली उष्णता कोंडून सिलिंडर तापतं. पुलाव, बिर्याणीसाठी जमिनीवर बसणारी लोखंडी शेगडी, रेग्युलेटर आणि चांगला पाइप घ्या. सिलिंडर उभंच ठेवा, शेगडीपासून दूर. वारा अडवायला पत्रा लावला तर तो फक्त शेगडीला लावा, सिलिंडरला घेरू नका. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर काडी ओढू नका.

भांडी कोणती? दोन किलो तांदूळ आणि तेवढंच गोश्त असेल तर 12 ते 15 लिटरचा जाड बुडाचा, घट्ट झाकणाचा गंज घ्या. बूड पातळ असेल तर दम देताना खाली करपतं. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, त्यामुळे अनेक घरांत पितळी देग असतेच. ती न्यायची तर आधी कल्हई बघा. कल्हई उडालेल्या पितळेत दही, टमाटर, चिंच घालू नये. शिवाय झारा, सांडशी, तवा, चाकू आणि झाकणाची पाण्याची कॅन घ्या. वजू आणि भांडी धुण्याचं पाणी पिण्याच्या पाण्यापासून वेगळं ठेवा.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका.

पहिली, तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी पेटवू नका, ऊब घ्यायला कोळशाची सिगडीही आत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. लहान मुलं सोबत असतात, हे विसरू नका.

दुसरी, रेल्वेत किंवा एसटीत सिलिंडर नेऊ नका. ऑगस्ट 2023 मध्ये तमिळनाडूतल्या मदुराई स्टेशनवर यात्रेकरूंचा डबा पेटला आणि 9 जण दगावले. डब्यात लपवून आणलेलं गॅस सिलिंडर त्याला कारण ठरलं. घरचं खायचं, एवढीच त्यांचीही इच्छा असेल. प्रवासात खायला रोटी, कबाब, सुकं गोश्त घरूनच बांधून घ्या.

निघताना आग पूर्ण विझली का, हे हात लावून बघा, हाडं आणि उरलेलं अन्न पिशवीत भरून परत आणा. जंगलाच्या कडेला टाकलेलं अन्न जनावरांना माणसांकडे ओढून आणतं, आणि त्याचा त्रास तिथल्या गावकऱ्यांना होतो.