येशू शेवटपर्यंत यहुदीच होता

येशूने यहुदी धर्म सोडून नवा धर्म काढला, असा समज ख्रिस्ती घरांत आहे तसाच बाहेरही आहे. पहिल्या शतकातला गालील प्रांत समोर ठेवला की तो टिकत नाही. आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ दिवशी सभास्थानात शास्त्रवाचन, सणाला यरुशलेमची यात्रा, हे सारे येशूच्या आयुष्यात आहे. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करा, या त्याने सर्वांत मोठ्या ठरवलेल्या दोन आज्ञाही अनुवाद आणि लेवीय या यहुदी ग्रंथांतल्याच आहेत.

मग परूशी या यहुदी पंथाशी येशूचे एवढे वाद कशासाठी? कारण भांडण घरातले होते. हिल्लेल आणि शम्माय या यहुदी गुरूंच्या परंपरांतही नियमांच्या अर्थावरून असेच खटके उडत. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, हे तत्त्व पुढे सुमारे इ.स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमग्रंथात स्पष्ट नोंदले गेले. येशूने शब्बाथ दिवशी ज्याला बरे केले, त्या वाळलेल्या हाताच्या माणसाच्या जिवाला मात्र धोका नव्हता; त्याला त्याच दिवशी बरे करावे की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे, हा खरा प्रश्न होता. शब्बाथ नसावाच, असे येशू कुठेही म्हणत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायलींना ‘शनिवार तेली’ म्हणणाऱ्या मुलखाला या दिवसाचे वजन वेगळे सांगायला नको. आणि सगळेच परूशी त्याचे वैरी नव्हते: गालीलचा शासक हेरोद अंतिपा तुला मारायला टपला आहे, हा इशारा त्याला परूश्यांनीच दिल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे.

‘यहुद्यांनी येशूला मारले’ हा समज तर फार महागात पडला. त्यापायी युरोपात शतकानुशतके यहुद्यांचा छळ झाला. क्रूसावर खिळणे ही रोमन शिक्षा, आणि ती मुख्यतः बंडखोर व गुलाम यांच्यासाठीची. क्रूसावरच्या फलकावर आरोप होता ‘यहुद्यांचा राजा’, म्हणजे उघड राजकीय. शिक्षा देणारा पंतय पिलात इ.स. 26 ते 36 या काळात यहुदियाचा रोमन अधिकारी होता. त्याचे नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरियात सापडला. महायाजक कयफा आणि त्याच्या वर्तुळाचा यात हात नव्हता असे नाही, पण महायाजकाचे पदही रोमन अधिकाऱ्याच्या मर्जीवर टिकत असे. शुभवर्तमानांतच जमावाचा दोष सांगितला आहे, हा आक्षेप वजनदार आहे. मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते ती सन 70 च्या सुमारास आणि नंतर लिहिली गेली. तोवर यरुशलेमचे मंदिर पडले होते, यहुदी आणि ख्रिस्ती समाज दुरावत होते, आणि रोमन साम्राज्यात राहून रोमला दोष देणे परवडणारे नव्हते. शुभवर्तमानांतला पिलात हात धुऊन मोकळा होतो. फिलो आणि जोसेफस या यहुदी लेखकांनी रंगवलेला पिलात मात्र निर्दय आहे. येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, हे व्हॅटिकनने 1965 मध्ये जाहीर केले. फार उशिरा, पण केले.

इतिहासाने येशू लहान होतो, असे काही श्रद्धावंतांना वाटते. तो देवपुत्र होता की नाही, याचा निवाडा इतिहास करत नाही. पण येशूचे धाडस किती मोठे होते, हे तो दाखवतो. वल्हांडण हा मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, आणि त्यासाठी जमलेल्या गर्दीत उठाव होईल या धास्तीने रोमन सैन्य यरुशलेमात पहाऱ्याला असे. नेमक्या त्या दिवसांत मंदिराच्या अंगणात सराफांचे चौरंग उलथवणे किती धोक्याचे होते, हे ती धास्ती ठाऊक असलेल्यालाच कळते.