ट्रायथलॉन: टप्पे बदलताना जाणारी मिनिटं वाचवा, सरावाला फक्त अंगण पुरे

मालाड : आधी पोहायचं, लगेच सायकल चालवायची आणि लगेच धावायचं, या सलग शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. तिथे १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणं असतं. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली ‘आयर्नमॅन ७०.३’ याहून लांब पल्ल्याची आहे.

पोहून आल्यावर सायकल घेणं आणि सायकल ठेवून धावायला निघणं, या दोन बदलांना ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. त्या वेळी घड्याळ थांबत नाही. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणाऱ्या पोरांना सेकंदाची किंमत ठाऊक आहेच. हिशोब बघा: धावून ३ मिनिटं भरून काढायची तर १० किमीमध्ये प्रत्येक किलोमीटर १८ सेकंद जोरात पळावं लागेल. तीच ३ मिनिटं सामान नीट मांडून वाचू शकतात.

शर्यतीआधी काय कराल?
- आपली सायकल कितव्या रांगेत आहे ते मोजून ठेवा. पाण्याकडून येणारी वाट एकदा चालून बघा.
- हेल्मेट उलटं करून हँडलवर ठेवा, पट्टे मोकळे सोडा.
- बुटांना लवचिक नाडी लावा, म्हणजे गाठ मारावी लागत नाही. बुटात थोडी पावडर टाका.
- सायकल हलक्या गिअरवर ठेवा.

पोहणं ते सायकल
पाण्याबाहेर पळत येतानाच गॉगल आणि टोपी काढा. अंग पुसत बसू नका. आधी हेल्मेटचा पट्टा लावा, मगच सायकलला हात लावा. हा नियम आहे, मोडला तर दंड होतो. आखलेली रेषा ओलांडल्यावरच सायकलवर बसायचं.

सायकल ते धावणं
शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा. रेषेच्या आधी उतरा. सायकल जागेवर लावल्यावरच हेल्मेट सोडा. सुरुवातीला पाय लाकडासारखे जड होतात. घाबरू नका, पहिले ५०० मीटर बेताने पळा, मग वेग वाढवा.

सराव कुठे?
मालाडकरांना आक्सा किनारा जवळ आहे, पण तिथला समुद्र धोक्याचा आहे, अनेकांचे जीव गेलेत. पोहायचा सराव तलावात, प्रशिक्षकासमोर करा. गावाकडे विहिरीत किंवा शेततळ्यात एकट्याने उतरू नका. ट्रान्झिशनच्या सरावाला मात्र पोहायची गरजच नाही. सोसायटीच्या आवारात किंवा घरापुढच्या अंगणात बादलीभर पाणी अंगावर घ्या, मोबाइलवर घड्याळ लावा आणि हेल्मेट, बूट, सायकल असा क्रम ५ वेळा करा. आठवड्यातून दोनदा १० मिनिटं पुरेत. एखाद्या दिवशी सायकल चालवून आल्यावर न बसता लगेच १५ मिनिटं पळा.

महागडी सायकल सगळ्यांना परवडत नाही. हा सराव मात्र फुकट आहे. क्रम एकदा हाताला बसला की शर्यतीच्या गडबडीतही चुकत नाही.