एकाच कागदाचं पॅड

मॅकवाल्यांचा आनंद अजून ओसरलेला दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘टाहो’ आवृत्तीत ॲपलनं क्लिपबोर्डचा इतिहास दाखवायची सोय केली. कमांड-स्पेस दाबून स्पॉटलाइट उघडायचं, मग कमांड-४, की मघापासून कॉपी केलेलं सगळं रांगेत हजर. पहिला मॅकिंटॉश आला १९८४ मध्ये. एवढ्या साध्या गोष्टीला एक्केचाळीस वर्षं! विंडोजनं ती ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्येच दिली होती, पण विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, या सरकारी बाण्यानं. त्यामुळे विंडोज-व्ही ही जोडी दिवसभर कंप्युटरवर बसणाऱ्या कित्येकांना आजही ठाऊक नाही.

मला ती ठाऊक झाली एका परिच्छेदाचा बळी गेल्यावर. लेखाच्या मधला परिच्छेद शेवटी न्यायचा म्हणून कट केला. तेवढ्यात फोन आला, कुणाच्या तरी नावाचं शुद्धलेखन तपासायचं होतं. ते नाव कॉपी केलं, कळवलं, परत येऊन पेस्ट केलं तर परिच्छेदाच्या जागी नुसतं नाव. त्याच क्षणी कंट्रोल-झेड दाबत मागे गेलो असतो तर परिच्छेद मूळ जागी पुन्हा उगवला असता. पण घाईत मी फाइल सेव्ह करून बंदही केली होती.

क्लिपबोर्ड म्हणजे परीक्षेला नेतात ते पॅड. फरक इतकाच, की याच्या चिमट्यात एकच कागद मावतो आणि नवा लावताना जुना बाजूला काढून ठेवत नाहीत, फाडून टाकतात. शिवाय हा कागद असतो मेमरीत. त्याची कुठं फाइल होत नाही. म्हणून ‘कालचं कॉपी केलेलं परत मिळवून देतो’ असा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मी तरी जात नाही.

एकच कागद का, हे शोधताना भेटला लॅरी टेस्लर. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत त्यानं टिम मॉटबरोबर ‘जिप्सी’ हा मजकूर संपादनाचा प्रोग्राम लिहिला, तोही पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या गिन अँड कंपनीच्या संपादकांसाठी. ही मंडळी कागद कात्रीनं कापून खळीनं दुसरीकडे डकवत. मराठी दैनिकांत ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवणारा पेस्टिंग विभाग ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे चित्र नवं नाही. मॉट आणि टेस्लरनी तीच कात्री, तीच खळ पडद्यावर आणली.

त्याआधी तिथलाच ‘ब्राव्हो’ होता, आणि त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यात अक्षरं कधी मजकूर असत, कधी हुकूम. हुकमाच्या अवस्थेत चुकून ‘एडिट’ शब्द टाइप केला, तर ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पुसून टाक, आय म्हणजे इथं घाल, आणि घालायला उरला एकटा टी. सगळा मजकूर गेला, टी राहिला! टेस्लरला या अवस्थांची, म्हणजे ‘मोड’ची, इतकी चीड, की गाडीच्या नंबरप्लेटवर त्यानं ‘नो मोड्स’ असंच घेतलं होतं. १९८० मध्ये तो ॲपलमध्ये गेला. एक्स, सी, व्ही ही तीन अक्षरं आपल्या बोटांत बसली ती तिथल्या लिसा आणि मॅकिंटॉशमुळे. एक्स ही खोडल्याची फुली. व्ही म्हणजे उलटं काकपद, राहून गेलेला शब्द घालायला मुद्रितशोधक करतात ती खूण. फेब्रुवारी २०२० मध्ये टेस्लर गेला.

एकच कागद ही त्याची चूक होती असं मला वाटत नाही. पेस्ट म्हटलं की काय उमटणार, हे आठवत बसावं लागू नये, यातच त्याच्या यंत्राची गंमत होती. प्रोग्रामर मंडळींच्या ईमॅक्समध्ये जुन्या तुकड्यांची माळ फार आधीपासून आहे, पण ती ओढायलाही सवय लागते.

आता कामाचं. इतिहास आधी चालू केलेला असेल तरच दिसतो. त्यापूर्वीचं काही मिळत नाही. विंडोज पंचवीस तुकडे ठेवतं, एकेक चार एमबीपर्यंत, आणि कंप्युटर पुन्हा सुरू झाला की पिन केलेले सोडून बाकीचे पुसतं. मॅक एरवी आठ तास लक्षात ठेवतो, अँड्रॉइडवरचा जीबोर्ड तासभर.

पण या पंचवीस तुकड्यांत काय काय असतं? पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक. चांगले पासवर्ड मॅनेजर ‘हे नोंदवू नका’ अशी खूण करूनच मजकूर देतात. कीपास तर बारा सेकंदांत क्लिपबोर्ड पुसतो. एक्सेलच्या चौकटीतून उचललेल्या पासवर्डला मात्र असं कुणी राखण नसतं. २०२० मध्ये आयओएस १४ नं ‘अमुक ॲप क्लिपबोर्ड वाचतंय’ अशी सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा टिकटॉकसह अनेक ॲप डोकावताना सापडली होती. एका कागदावर ही नजर, तर पंचवीसांची थप्पी लावल्यावर काय? विंडोजमध्ये हे तुकडे आपल्या दुसऱ्या कंप्युटरवर पाठवायचीही सोय आहे. ती मी बंद ठेवली आहे.

इतिहास चालू करायचा तर आपल्याच कंप्युटरवर आजच विंडोज-व्ही दाबा आणि ‘टर्न ऑन’ म्हणा. आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत काढून उठताना तीच जोडी पुन्हा दाबून पाहा. रांग दिसली, तर पैसे देण्याआधी ‘क्लिअर ऑल’ करा.