कोंडवाडा
मोकाट सुटून पिकांची वा सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करणारी गुरे अटकावून ठेवण्याची अधिकृत जागा. शेताला कुंपण घालण्याची जबाबदारी शेतकऱ्याची, की गुरे आवरण्याची जबाबदारी त्यांच्या मालकाची, हा कोंडवाड्यामागील मूळ प्रश्न होय. अमेरिकेच्या पश्चिमेकडील काही राज्यांत, मोकळ्या चराईच्या प्रदेशांत, कुंपणाचा भार शेतकऱ्यावर आहे. इंग्लंडमध्ये १९७१ च्या प्राणी अधिनियमानुसार नुकसानीचे दायित्व सामान्यतः गुरे बाळगणाऱ्यावर येते. भारतातील गुरे अतिक्रमण अधिनियम, १८७१ याचा रोखही तोच असून शेतकऱ्याला त्याचा आधार घेण्यासाठी कुंपणाची अट घातलेली नाही.

डोंगराळ भागात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. भोर-वेल्हे भागात राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या पालीसारख्या गावांत भाताची खाचरे लहान व उतारावर विखुरलेली असतात. प्रत्येक खाचराला पक्के कुंपण घालणे परवडत नाही. खरिपाचे भात हेच मुख्य पीक असल्याने एका रात्रीची नासाडी त्या वर्षी भरून निघत नाही.

१८७१ च्या अधिनियमाने ठरविलेली रीत अशी : नुकसान करणारी गुरे जमीन कसणाऱ्याने पकडून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावयाची. दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरल्यावर ती मालकाला परत मिळतात. सात दिवसांत मालक न आल्यास नोटीस लावली जाते व आणखी सात दिवस वाट पाहून जाहीर लिलाव होतो. अटकावलेली गुरे बळाने सोडविणे हा अपराध आहे. उलट, ती बेकायदा पकडली असल्यास मालकाला दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती, उंट, डुकरे, शेळ्यामेंढ्या यांचाही समावेश होतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यातही कोंडवाड्यांविषयी तरतुदी आहेत.

कोंडवाड्याचा दंड म्हणजे पिकाची भरपाई नव्हे. भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्याचा हक्क अबाधित असला, तरी लहान शेतकऱ्याला त्याचा खर्च व विलंब सोसत नाही. पिकाचे नुकसान करण्याच्या उद्देशाने मुद्दाम गुरे शेतात घातल्यास ती ‘आगळीक’ ठरते व भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३२४ अन्वये शिक्षेस पात्र होते. दुसरीकडे, दंड भरण्याची ऐपत नसलेल्या मालकाचा बैल लिलावात गेल्यास त्याची शेतीच थांबते. म्हणून गुरे वेळीच राखणे हाच दोघांच्याही हिताचा मार्ग ठरतो.