मागच्या चाकांचे महत्त्व

संगणकावरील मोटारशर्यत म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे माझेही मत होते. परंतु ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ (२०२२) या खेळात टायर निवडताना माझी अशी त्रेधा उडाली, की घर्षणाचा धडा मला नव्याने गिरवावा लागला.

मी निवडलेल्या गाडीचे इंजिन पुढे होते व त्याची शक्तीही पुढच्याच चाकांना मिळत होती. १९५९ ची ‘मिनी’ व १९८३ ची ‘मारुती ८००’ याच जातीच्या. अशा गाडीचे सुमारे ६० टक्के वजन पुढे असते. गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा बहुतेक भार सोसणे ही तिन्ही कामे पुढच्या टायरांकडे. मागचे बिचारे नुसते मागून येतात. टायरची पकड ही वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरून येणाऱ्या पैशांसारखी ठरावीक असते. ओढण्यात जास्त खर्च झाली, की वळण्यासाठी उरत नाही. म्हणूनच वळणावर वेग वाढवताच माझ्या गाडीचे नाक बाहेर जाई.

मऊ टायरची पकड अधिक, म्हणून मी चारही टायर मऊ घातले. तरी मागची बाजू रस्त्याला चिकटून राही आणि नाक बाहेरच जाई. मग मागचे टायर एका प्रतीने कठीण घेतले. आता मागची बाजू किंचित घसरू लागली, गाडी झटकन वळू लागली. मला हुरूप आला व मी मागे आणखी कठीण टायर घातले. भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला मात्र, वजन पुढे सरकले, मागची चाके हलकी झाली आणि गाडीने गिरकी घेतली! तात्पर्य, फरक एका प्रतीचाच ठेवावा. ‘असेट्टो कोर्सा’सारख्या खेळात टायरच्या तापमानाचाही हिशेब असतो. मागच्या टायरांना काम कमी, त्यामुळे ते उशिरा तापतात. तेथे पहिल्या फेऱ्या जपूनच माराव्यात.

हे ज्ञान घेऊन मी पावसाळ्याच्या तोंडावर खऱ्या गाडीसाठी दोन नवे टायर घ्यायला गेलो. “पुढे बसवा,” असे मी ऐटीत सांगितले. दुकानदार म्हणाला, “नको सर, नवे मागं घालूया.”

त्याचेच बरोबर होते. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात, १.६ मिलिमीटर ही आपल्याकडील कायद्याची किमान मर्यादा. खाचा झिजल्या की चाकाखालचे पाणी वेळेवर बाहेर पडत नाही आणि चाक पाण्यावर तरंगते. पुढचे चाक तरंगले तर गाडी सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग हलके लागते, आपण पाय उचलतो, वेग उतरतो व बहुधा पकड परत येते. मागचे तरंगले तर गाडीची शेपटी फिरते, आणि घाबरून पाय उचलला किंवा ब्रेक दाबला, की ती अधिकच फिरते. खेळातली माझी गिरकी हीच होती!

विद्यार्थी मित्रांनो, खेळात मागची पकड मी जाणूनबुजून कमी केली, कारण चुकीची किंमत एका फेरीपुरतीच होती. मुसळधार पावसात चोर्ला घाटाने गोव्याला जाताना फेरी पुन्हा सुरू करण्याचे बटण नसते. तेथे चारही टायर एकाच जातीचे असावेत, आणि दोनच नवे घेतले तर ते मागेच बसवावेत.