मुक्या रुग्णांची दूरचिकित्सा आणि जुना कायदा

आपले कोठे आणि काय दुखते, हे माणूस डॉक्टरांना दूरध्वनीवरूनही सांगू शकतो. जनावराला ते शक्य नसते. त्याचे पोट चाचपून, ताप मोजून, श्वास ऐकूनच रोगाचा माग काढावा लागतो. म्हणूनच आधी प्रत्यक्ष तपासणी आणि मग औषध, या सूत्रावर अनेक देशांतील पशुवैद्यक व्यवसायाचे नियम उभे राहिले. व्हिडिओद्वारे सल्ला देणे सोपे झाल्यावर या सूत्राचा फेरविचार सुरू झाला आहे. पशुवैद्यकाने जनावर केवळ पडद्यावर पाहिले असेल, तर त्याने काय करावे आणि काय करू नये, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे.

अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला. टेक्सासमधील रोनाल्ड हाइन्स हे निवृत्त, अपंग पशुवैद्यक इंटरनेटवरून पशुपालकांना सल्ला देत. औषधे मात्र लिहून देत नसत. जनावर प्रत्यक्ष न तपासता सल्ला दिल्याबद्दल राज्याच्या परवाना मंडळाने २०१३ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली. २०१५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये मात्र हाइन्स यांच्या बाजूने कौल दिला. त्यांचा सल्ला हे भाषण असून त्यावरील बंदी भाषणस्वातंत्र्याच्या कसोटीवर टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

सल्ला आणि औषधयोजना यांतील हा फरक महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून लागू केलेल्या कायद्यात तो स्पष्ट दिसतो. तेथे दृक्‌श्राव्य संवादातूनही पशुवैद्यक, पशू आणि मालक यांच्यात व्यावसायिक संबंध प्रस्थापित होऊ शकतो. मात्र प्रतिजैविके १४ दिवसांहून अधिक काळासाठी देता येत नाहीत आणि त्यापुढे ती हवी असल्यास प्रत्यक्ष तपासणी करावी लागते. नियंत्रित औषधे या मार्गाने देण्यास मनाईच आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेनेही १ सप्टेंबर २०२३ पासून सरसकट प्रत्यक्ष तपासणीची अट सैल केली. मात्र प्रतिजैविके आणि नियंत्रित औषधे यांच्यासाठी ती सर्वसाधारणपणे कायम ठेवली.

प्रतिजैविकांबाबत एवढी सावधगिरी बाळगण्याचे कारण उघड आहे. ती अनावश्यक वा अपुऱ्या मात्रेत दिल्यास औषधांना न जुमानणारे जिवाणू बळावतात. शिवाय दुभत्या जनावराला दिलेल्या औषधाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध शहरातील घराघरांत पोहोचते. गुरांच्या औषधाचे परिणाम गोठ्यापुरते राहत नाहीत, हे भारताने अनुभवलेही आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन गिधाडे मोठ्या प्रमाणात मेल्यावर २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा खाद्योत्पादनासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमधील वापरही थांबवण्यात आला.

दूरचिकित्सेची गरजही तितकीच खरी आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील पशुधन ५३ कोटींहून अधिक आहे. दुर्गम वाडीवरच्या शेतकऱ्याला पशुवैद्यक वेळेत मिळाला नाही, तर तो औषधविक्रेत्याकडे किंवा एखाद्या अप्रशिक्षित माणसाकडे वळतो. त्यापेक्षा नोंदणीकृत पशुवैद्यकाने व्हिडिओवर जनावर पाहणे केव्हाही बरे. शहरातही शस्त्रक्रियेनंतरची देखभाल, आहार, वर्तनविषयक तक्रारी यांसाठी प्रत्येक वेळी आजारी कुत्र्या-मांजराला दवाखान्यात नेण्याची आवश्यकता नसते.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ चा आहे. त्यातील कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांनाच आहे. राज्य सरकारच्या आदेशाने पदविका वा प्रमाणपत्रधारक कर्मचारी त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देऊ शकतात. ही देखरेख दुरून, व्हिडिओद्वारे केलेली चालेल काय, याचे उत्तर दूरचिकित्सा दृष्टिपथातही नसताना झालेल्या या कायद्यात शोधणे कठीण आहे. केंद्राने २५ मार्च २०२० रोजी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पण ती माणसांच्या डॉक्टरांसाठी आहेत.

मूळ कायदा बदलणे सोपे नाही. पशुवैद्यकीय व्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे आणि हा अधिनियम घटनेच्या अनुच्छेद २५२ खाली, राज्यांच्या ठरावांच्या आधारे संसदेने केला. त्यात दुरुस्ती करायची तर पुन्हा राज्यांच्या संमतीचीच वाट धरावी लागते. तुलनेने सुकर मार्ग विनियमांचा आहे. माणसांसाठीची २०२० ची तत्त्वे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या विनियमांना जोडण्यात आली. पशुवैद्यकांसाठीही व्यावसायिक आचरणाचे १९९२ चे विनियम आहेत. त्यांच्या आधारे हीच पद्धत अवलंबता येईल.

अशा चौकटीत सल्ल्याला मोकळीक, औषधचिठ्ठीला मर्यादा आणि प्रतिजैविकांवर कडक अंकुश असावा. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, जनावराची नोंद आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष उपचारांची सोय यांचीही त्यात सक्ती हवी. बंदीमुळे दूरचिकित्सा थांबणार नाही, ती केवळ नोंदीबाहेर जाईल. मुक्या जनावराला चूक झाल्याची तक्रार करता येत नाही. त्यामुळे त्याच्या उपचारांची जबाबदारी कोणाची, हे कायद्याने आधीच ठरवून ठेवले पाहिजे.